चादरीमागचा हात

१

तुळशीने स्टुलावर चढून जुनी चादर ओढली. चादर खाली आली आणि भवानीबाईंच्या हातातली समई खणकन् फरशीवर पडली.

भिंतीवर लोणीकृष्ण नव्हता.

तंजावरहून आजोबांनी मद्रासला आणलेली ती तसबीर. सोन्याच्या वर्खाची, रंगीत खड्यांची, मांडीवर लोण्याचा गडू घेऊन बसलेल्या बाळकृष्णाची. पश्चिम मांबलमच्या या घरात ती टांगली तेव्हापासून कुणी तिला भिंतीवरून उतरवल्याचं ठाऊक नव्हतं. तिच्या जागी आता फिक्या हिरव्या, कोऱ्या रंगाच्या मधोमध एक पांढरा चौकोन उरला होता. आणि चौकोनाच्या कडेला, पाचही बोटं पसरलेला, एक लाल हात.

"रक्त," तुळशी पुटपुटली.

विद्युलता दारात उभी होती. कऱ्हाडची ही मुलगी या तंजावरी मराठी घरात सून म्हणून येऊन अजून वर्ष व्हायचं होतं. नवरा पद्मनाभ मद्रासजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात कामाला, पण सध्या शिक्षणासाठी कानपूरला गेलेला. सासरे राघोत्तमराव रेल्वेत गार्ड. काल दुपारी सासू भवानीबाई, नणंद तुळशी आणि विद्युलता अशा घरातल्या तिघी बायका मैलापूरला साड्या घ्यायला गेल्या असताना स्टेशनवरून बोलावणं आलं आणि ते ड्यूटीवर निघून गेले. गार्डाच्या घरात त्याचं कुणाला नवल नसतं. वरच्या मजल्यावरच्या नारायणस्वामींजवळ निरोप ठेवायचा आणि पेटी उचलायची, ही त्यांची जुनी रीत.

सोमवारी तुळशीला बघायला कुंभकोणमचे पाहुणे यायचे होते. त्यासाठीच तर हॉल रंगवायला काढला होता. रंगाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून रंगाऱ्याने तसबिरीवर चादर टांगली होती, ती आज रंग वाळल्यावर निघाली.

भानावर आल्यावर तुळशीने पहिलं काम केलं ते धुण्याचा सोडा घातलेलं साबणाचं पाणी आणण्याचं. ती भिंतीवर फडकं घासू लागली. हाताचा अंगठा आणि तळव्याची कड हिरव्या रंगावर आली होती. तिथून तिने सुरुवात केली. विद्युलताला नक्की आठवतं, तो भाग आधी लाल नव्हता. पिवळसर होता. पण फडकं फिरलं तसा तोही लाल झाला, चौकोनातल्या बोटांसारखाच लालभडक.

तुळशीने फडकं टाकून दिलं आणि आईला बिलगली. घासावं तितका लाल होणारा डाग तिने जन्मात पाहिला नव्हता.

भवानीबाईंनी भिंतीकडे पाहिलं. मग त्यांची नजर हळूहळू वळली आणि विद्युलताच्या हातांवर येऊन थांबली. विद्युलताने खाली पाहिलं. तिचे दोन्ही तळवे पिवळेजर्द होते.

२

भवानीबाई आरडाओरडा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी सुनेला समोर बसवलं आणि एकेक गोष्ट विचारली.

काल मैलापूरहून सगळ्यांच्या आधी घरी कोण आलं? विद्युलता. सासूबाईंनीच तिला शेगडी पेटवायला पुढे पाठवलं होतं. घरात तेव्हा कोण होतं? कुणी नाही. रंगारी आला तेव्हा, तसबीर काढून भिंत रंगवा आणि मग परत लावा, असं कोण म्हणालं होतं? तेही विद्युलताच. तिच्या माहेरी भिंती रंगवताना सगळ्या तसबिरी काढतात, म्हणून ती सहज बोलून गेली होती. आणि सासूबाईंनी बजावलं होतं की या घरात देव असा हलवीत नाहीत. तुळशीचं लग्न ठरेतो कृष्णाला जागेवरून हलवणार नाही, असा त्यांचा नवस होता. म्हणून रंगाऱ्याने तसबिरीच्या भोवतीने रंग दिला.

मग त्यांनी भिंतीवरच्या हाताकडे बोट केलं. अनामिकेच्या मुळाशी लाल रंगात एक फट होती, अंगठीची असावी तशी. विद्युलताच्या अनामिकेत लग्नातली अंगठी होती.

"हळद कसली ती हाताला?" सासूबाईंनी विचारलं.

"उंबऱ्याला लावली सकाळी," विद्युलता म्हणाली. खरं तेच सांगितलं, पण तिलाच ते खोट्यासारखं ऐकू आलं.

भवानीबाई उठल्या. "मी तुला चोर म्हणत नाही गे. पण सोमवारी पाहुणे येतील, त्यांस हे कळले तर माझ्या पोरीचे काय होईल? तू चार दिवस माहेरी जाऊन ये. पद्मनाभ आला की बघू."

चार दिवस. विद्युलताला कळत होतं की असे चार दिवस कधी कधी वर्षानुवर्षं चालतात. कऱ्हाडला वडील दारात उभे राहून विचारतील, का आलीस? त्यांना काय सांगायचं? भिंतीवरचा हात माझा नाही, एवढंच ना? ती स्वयंपाकघरात गेली आणि ट्रंकेत लुगडी भरण्याऐवजी पाटावर नुसती बसून राहिली.

तेवढ्यात अंगणातून ओळखीची हाक आली.

"भवानी, कॉफीचा वास नाही आज. घरात कोण आजारी?"

त्या कृष्णवेणीआत्या होत्या. राघोत्तमरावांच्या थोरल्या बहीण. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या आणि आता पलीकडच्या गल्लीत आपल्या घराच्या तिण्णैवर, म्हणजे दारातल्या ओट्यावर, शेजारची सगळी पोरं गोळा करून त्यांना गणित, व्याकरण आणि जे विचारतील ते शिकवणाऱ्या. पोर चुकलं तरी त्या रागवत नसत. 'बरं, आता तू इथवर कसा आलास ते सांग,' असं म्हणत आणि पोराला आपली चूक आपणच सापडे.

आत्या उंबऱ्याशी थबकल्या. वाकून त्यांनी उंबरा बघितला.

"आज गुरुवार," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आणि शुक्रवार नसताना उंबऱ्याला इतकी जाड हळद?"

३

झाला प्रकार त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग त्यांनी तुळशीला भिंतीपासून लांब बसवलं आणि साबणाची बादली मोरीत ओतायला लावली.

"डाग दिसला की लोक पाण्याकडे धावतात," त्या म्हणाल्या. "आधी त्याला नाव विचारावं. तेलाच्या डागावर पाणी मारलं तर तो पसरतो, काजळीवर ओलं फडकं फिरवलं तर ती भिंतीत जाते. याचं नाव कुणी विचारलं?"

कुणीच विचारलं नव्हतं. आत्यांनी एक लिंबू मागवलं. फोड हिरव्या रंगावरच्या लाल अंगठ्यावर हलकेच दाबली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत अंगठा पिवळा झाला.

"रक्त लिंबाने पिवळं होत नाही. ही हळद आहे. भवानी, नवी सून दारात आली की तू आरतीचं पाणी कसं करतेस?"

"हळदीच्या पाण्यात चिमूट चुना," भवानीबाई म्हणाल्या आणि बोलता बोलता थांबल्या.

"आणि ते लाल होतं. इतक्या नव्या सुनांना ओवाळलंस, आणि भिंतीवर तेच पाणी दिसलं तर रक्त वाटलं." आत्यांच्या बोलण्यात टोमणा होता, पण तो बोचला नाही. "चुना काय, सोडा काय, साबण काय, हळदीला सगळे लाल करतात. लिंबू, चिंच तिला परत पिवळी करतात. माझ्या सातवीतल्या मुली हे करून बघायच्या आणि हात रंगवून घरी जाऊन बोलणी खायच्या."

विद्युलताच्या छातीवरचा एक दगड उतरला, पण दुसरा चढला. रक्त नाही हे ठरलं. पण मग हळद, आणि हळदीचे हात घरात एकाच बाईचे होते.

भवानीबाईंच्याही तेच मनात आलं असावं. "मग तर झालेच की," त्या हळूच म्हणाल्या.

आत्या भिंतीकडे वळल्या होत्या. त्या पांढऱ्या चौकोनावर बोट फिरवत होत्या. बोटाला पांढरं लागलं. त्यांनी तेच बोट नाकाशी नेलं, मग भिंतीला कान लावावा तसा गाल लावला.

"नवलच," त्या म्हणाल्या. "मला तो रंगारी हवा. आणि वरचे नारायणस्वामीही."

४

रंगारी रामस्वामी मागच्या अंगणात स्वयंपाकघरासाठी चुना कालवत होता. तो येताच आधी हात जोडून उभा राहिला, कारण तसबीर गेल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं आणि अशा वेळी पहिला संशय कुणावर जातो हे त्याला पुरतं ठाऊक होतं. आत्यांनी त्याला बसायला सांगितलं आणि चोरीचं नावही न काढता रंगाबद्दल विचारलं.

रामस्वामी मोकळा झाला. त्याची एकच तक्रार होती. तसबिरीच्या खाली भिंतीवर एक तपकिरी डाग होता, कडेला चहा सांडल्यासारखा. वर रंगाचा हात दिला की झाकायचा, आणि वाळला की पुन्हा डोकवायचा. मामी, म्हणजे भवानीबाई, त्याच्यावर चिडल्या, रंगात पाणी घालतोस म्हणाल्या. परवा साहेबांनी, म्हणजे राघोत्तमरावांनीही तो डाग बराच वेळ न्याहाळला होता. काही बोलले नाहीत. ते बोलतात तरी कधी?

"काल काही वेगळं दिसलं?" आत्यांनी विचारलं.

रामस्वामीने डोकं खाजवलं. काल दुपारी तो जेवायला गेला होता. परत आला तर त्याचा चुन्याचा ब्रश कुणीतरी स्वच्छ धुऊन, केस खाली करून खिळ्याला टांगून ठेवलेला. त्याने स्वतः तो कधीच धुतला नसता, नुसता बादलीत बुडवून ठेवला असता. तो हसला. घरात कुणीतरी फार नीटनेटकं आहे, म्हणाला.

नारायणस्वामींची मात्र चांगलीच तारांबळ उडाली. ते विमा कंपनीत होते आणि मागच्या महिन्यात त्यांच्या साहेबाला तसबीर दाखवायला खाली घेऊन आले होते. साहेबाने किंमत विचारली होती. ते आता सगळ्यांना आठवणार, या भीतीने ते विचारण्याआधीच शपथा घेऊ लागले. आत्यांनी त्यांना पाणी दिलं. काल दुपारी काही ऐकलंत का, एवढंच विचारलं.

ऐकलं होतं. त्यांचा डोळा लागत होता तेव्हा खालून घंटी वाजली. पूजेची लहान घंटी. मामी आल्या वाटतं, असं म्हणून ते कुशीवर वळले. मग थोड्या वेळाने राव निरोप सांगायला जिन्यात आले. एका हातात गार्डाची पेटी, दुसऱ्या काखेत वळकटी. नेहमीसारखेच.

"काल दुपारी मामी मैलापूरला होत्या," आत्या म्हणाल्या.

भवानीबाईंनी मान वर केली. मैलापूरहून परत येईपर्यंत देवघरातल्या घंटीला कुणी हात लावायचं कारणच नव्हतं.

आत्या उठल्या, पदर खोचला आणि विद्युलताकडे वळल्या.

"मुली, उंबऱ्याची हळद तू कुठून घेतलीस? डब्यातून?"

"नाही," विद्युलता म्हणाली. "मिळाली मला."

५

"मिळाली" हा शब्द ऐकून भवानीबाईंनी कपाळाला हात लावला. पण आत्यांचे डोळे चमकले. बरोबर उत्तराच्या जवळ आलेल्या पोराकडे बघावं तसं त्या सुनेकडे बघत होत्या.

"घाई नको. आज सकाळी उठल्यापासून काय केलंस ते सांग. छोटं असेल तेही सांग."

विद्युलताने सांगितलं. अंघोळ केली, अंगण शिंपडलं, कोलम, म्हणजे इकडची रांगोळी, काढला. मग हॉल झाडला. चादरीच्या खालच्या कडेखाली भिंतीतली दिव्याची फळी आहे, तिच्यावर धूळ बसली होती म्हणून ती पुसली. फळीवर एका सुकलेल्या विड्याच्या पानावर ओल्या हळदीचा गोळा पडला होता. दोन तांदूळ चिकटलेले, भोवती मुंग्या. तुळशीवन्सं तोंडाला लावायला हळद भिजवतात, त्यांचीच राहिली असेल असं तिला वाटलं. हळद टाकायची नाही असं सासूबाईंनी शिकवलं होतं, म्हणून पाण्यात कालवून उंबऱ्याला लावली.



आत्या स्वयंपाकघरात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या तळहातावर विड्याचं पान होतं आणि पानावर ताज्या ओल्या हळदीचा, वर निमुळता केलेला लहानसा गोळा. त्यांनी तो फळीवर ठेवला.

"असा होता?"

"अगदी असाच. टोक थोडं झिजलं होतं."

भवानीबाईंच्या तोंडून "अय्यो" निघालं आणि त्यांनी गोळ्याला हात जोडले.

"कऱ्हाडला पूजेच्या आधी गणपती कशाचा मांडतात?" आत्यांनी विद्युलताला विचारलं.

"सुपारीचा."

"इकडे हळदीचा. तमिळ घरांतून आमच्याकडे आला आणि आमचा झाला. कुठल्याही पूजेच्या आधी पुरुष माणूस हळद मळतो, त्याचा पिळ्ळैयार, म्हणजे गणपती, करतो, अक्षता वाहतो. तुला कुणी सांगितलं नाही, कारण आम्हाला वाटतं हे जन्मतःच सगळ्यांना ठाऊक असतं." मग त्या भावजयीकडे वळल्या. "भवानी, हळद म्हटल्यावर तुला बाईचा हात आठवला. पण या घरात कालच्या दुपारी हळद मळणारा हात पुरुषाचा होता. अनामिकेतली ती फट बघ. अंगठीची असती तर एकसारखी गोल दिसली असती. ही काडीकाडीची आहे. दर्भाच्या पवित्रीची, पूजेला बसताना बोटात घालतात त्या गवताच्या अंगठीची."

भवानीबाईंनी जवळ जाऊन पाहिलं. तिथे सरळ रेघ नव्हती, विस्कटलेल्या गवताच्या बारीक रेषा होत्या. त्यांनी विद्युलताचा हात धरून भिंतीपाशी नेला. सुनेची बोटं त्या हाताच्या शेवटच्या पेरापर्यंतही पोचत नव्हती. सकाळी एवढी साधी गोष्ट करून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"घंटी वाजवून, देवाची परवानगी मागून, गणपती मांडून तसबीर उतरवणारा चोर मी तरी ऐकला नाही," आत्या म्हणाल्या. "आणि नंतर भिंतीला चुना देऊन ब्रश धुऊन ठेवणारा तर मुळीच नाही. असा नीटनेटका माणूस या घरात एकच आहे. माझा भाऊ."

"पण का?" भवानीबाईंचा आवाज चिरकला. "माझा नवस ठाऊक असून?"

आत्यांनी भिंतीकडे बोट केलं. "रामस्वामीचा डाग का परत परत येत होता? कारण तो वरून पडलेला नव्हता, मागून येत होता. या भिंतीच्या पलीकडे मोरी आहे. तिची नळी गळते. पाणी भिंतीत मुरतं आणि तसबिरीच्या पाठीशी साचतं. चुन्याखाली हात लाव, ओल अजून आहे. खालच्या कडेला वाळवीची माती आहे. राघोत्तमने परवा तो डाग न्याहाळला तेव्हाच त्याला कळलं असणार की पाठीमागे कृष्णाची फळी कुजते आहे. तुला सांगावं तर तू नवस मोडू देणार नाहीस. न सांगावं तर तुळशीचं लग्न ठरेतो वर्ख सुटेल. तेवढ्यात तू मैलापूरला गेलीस. त्याने उत्तरपूजा केली, तसबीर उतरवली, वाळवीवर चुना फासला. उतरवताना टेकलेला हळदीचा हात चुन्याखाली गेला. तेव्हा तो लाल नव्हता. स्टेशनवरचं बोलावणं आलं, त्याने चादर सोडली आणि निघाला. चुना वाळता वाळता खालचा हात लाल होऊन वर आला, तो त्याने पाहिलाच नाही."

"आणि मला एका शब्दानेही सांगू नये?"

"सांगितलं की. त्याच्या पद्धतीने. फळीवर पिळ्ळैयार ठेवला. सकाळी तो बघून तुला कळेल की देव विधीने हलवला आहे, असं त्याला वाटलं. त्याला काय ठाऊक, सकाळी फळी पुसणारी कऱ्हाडची आहे."

विद्युलताच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सुटका झाली म्हणून की आपण गणपती उंबऱ्याला फासला म्हणून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"रडू नको," आत्या म्हणाल्या. "पूजेनंतर आम्हीही तो पाण्यात विरघळवतो. उंबऱ्यावर गेला, वाया नाही गेला. तू छोटी गोष्टही सांगितलीस म्हणून हे सुटलं. नाहीतर मी अजून भिंत हुंगत बसले असते."

भवानीबाईंना सगळं पटलं होतं, तरी एक काटा उरला होता. राघोत्तमराव उद्या संध्याकाळी परत यायचे होते. तसबीर त्यांच्या हाताशी असली तर आत्यांचं म्हणणं खरं. नसली तर?

त्या रात्री विद्युलताने ट्रंक भरली नाही, पण जाणं रद्द झालं असंही कुणी म्हणालं नाही.

६

शुक्रवारी दिवे लागायच्या सुमारास राघोत्तमराव आले. पांढरा कोट चुरगळलेला, हातात पेटी, काखेत वळकटी. भवानीबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी वळकटी घेतली आणि तिथल्या तिथे सोडली. आत उशी होती आणि चादर. तसबीर नव्हती.

विद्युलताने वाकून उशीखालीही पाहिलं.

राघोत्तमरावांनी आधी बायकोकडे, मग उघड्या भिंतीकडे, मग लाल हाताकडे पाहिलं. आपल्या उजव्या हाताकडेही पाहिलं. मग ते गालातल्या गालात हसले, आणि त्यांना हसताना विद्युलताने पहिल्यांदाच पाहिलं.

"फळीवरचा पिळ्ळैयार बघितलास ना?" त्यांनी बायकोला विचारलं.

एवढ्या एका वाक्याने सगळ्या घराने श्वास सोडला.

तसबीर ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डाच्या डब्यात, त्यांच्या वळकटीत गुंडाळून, तंजावरला गेली होती. जनकोजी नावाच्या म्हाताऱ्या कारागिराकडे, ज्याच्या आजोबांनी ती घडवली होती. पाठीमागची फळी निम्मी पोखरली होती. अजून एक पावसाळा गेला असता तर वर्ख हाती आला नसता, असं तो म्हणाला. नवी फळी बसवून झाली होती, सरस वाळायचा होता. रविवारी दुसरा गार्ड, राणोजी, ती घेऊन येणार होता.

मग आत्यांनी भावाला घरात काय घडलं ते सांगितलं. कोण माहेरी निघालं होतं तेही सांगितलं. राघोत्तमरावांचं हसू मावळलं. सुनेशी ते कधी थेट बोलत नसत. बोलायचं ते बायकोमार्फत, तीच त्या घराची रीत होती. आज ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"माझ्या गप्प राहण्याने तुला त्रास झाला," ते म्हणाले. "देवापाशी परवानगी मागितली, घरातल्या माणसांपाशी मागायची विसरलो."

विद्युलताने वाकून नमस्कार केला.

शनिवारी मोरीची नळी दुरुस्त झाली. आत्यांनी रामस्वामीला बजावलं की भिंत आतून कोरडी होईपर्यंत तपकिरी डागाला ब्रश लावायचा नाही. आधी कारण बुजवायचं, मग भिंत वाळवायची, मग खरवडायचं, आणि सगळ्यांत शेवटी रंग. पाहुण्यांना डाग दिसला तर दिसू दे. तसबीरही तोवर भिंतीला टेकवायची नाही, वर आणि खाली लाकडी ठोकळे मारून मागून वारा खेळेल अशी पुढे टांगायची. हिरव्या रंगावरचा पिवळा अंगठा त्यांनी लिंबाने पुसून खिडकी उघडी ठेवली. हळदीला ऊन सोसत नाही, दोन दिवसांत ती आपणच उडून जाईल, म्हणाल्या. त्यांच्या तिण्णैवरची पोरं मागोमाग आली होती. त्यांनी हळद, साबण आणि लिंबू घेऊन अंगणात इतके रंग बदलले की भवानीबाईंना एक जुना परकर टाकून द्यावा लागला.

चौकोनातला लाल हात मात्र चुन्याखाली राहिला. रामस्वामी तो खरवडायला निघाला तेव्हा भवानीबाईंनी त्याला थांबवलं.

रविवारी दुपारी लोणीकृष्ण घरी आला. नव्या फळीला अजून सरसाचा वास होता. राघोत्तमरावांनी हळद मळली, पिळ्ळैयार केला आणि या वेळी तो करताना सुनेला शेजारी बसवून घेतलं. टोक कसं काढायचं ते तिने बघितलं. तसबीर टांगायच्या आधी भवानीबाई आतून एक वाटी घेऊन आल्या. वाटीत कालवलेली हळद होती.

"तुझे लग्न कऱ्हाडला झाले," त्या विद्युलताला म्हणाल्या. "आलीस त्या दिवशी घाईगर्दीत भिंतीवर तुझा हात उठवायचा राहून गेला. माझ्या सासूने माझा उठवला होता. तुझा इथे उठव, यांच्या हाताशेजारी."

विद्युलताने हळदीत तळवा बुडवला. सासऱ्यांच्या मोठ्या हाताशेजारी, ओलसर पांढऱ्या चुन्यावर तिने तो टेकवला आणि जरा दाबून धरला. काढला तेव्हा भिंतीवर पिवळा हात होता. अनामिकेच्या मुळाशी अंगठीची फट होती, स्वच्छ आणि गोल.

सगळे वाट बघत उभे राहिले. पोरं तर श्वास रोखून होती. आधी बोटांची टोकं नारिंगी झाली, मग तळव्याची कड, आणि बघता बघता तो हात शेजारच्या हातासारखाच लाल झाला.

भवानीबाईंनी सुनेच्या तळव्यावर पाणी घातलं, पदराने पुसला आणि मग राघोत्तमरावांनी कृष्णाला उचललं.